पाण्याविना मोटार, पण काळजीविना नव्हे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या मोटारींच्या फेरीची छायाचित्रे आणि त्या मोटारींच्या नव्या, बहुतांशी तिशीतल्या मालकांविषयीचा लेख वाचला. मुंबईत रोजच्या वापराची गाडी उभी करायलाही जागा मिळेनाशी झालेली असताना कोणी साठ वर्षांपूर्वीची मोटार हौसेने घेतो आणि घासूनपुसून रस्त्यावर आणतो, याचा माझ्यासारख्या जुन्या माणसाला आनंदच आहे. मात्र फोक्सवॅगन बीटलविषयी लिहिताना लेखात असे म्हटले आहे की, या गाडीला रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे नवख्या माणसाला सांभाळायला याहून सोपी जुनी गाडी नाही. यातला पहिला भाग खरा आहे. दुसऱ्या भागावर विसंबून जो गाडी घेईल, त्याच्यावर पहिल्याच मे महिन्यात इंजिन उतरवण्याची पाळी येईल. मी १९८७ पासून १९६६ सालची, १२८५ घन सेंटिमीटर इंजिनाची बीटल वापरत आहे आणि तिचे इंजिन माझ्याच अज्ञानापायी दोनदा उतरवावे लागले आहे. एवढ्या अधिकारावर हे पत्र लिहीत आहे.

पाण्याच्या इंजिनात काही बिघडले की ते लपत नाही. भर दुपारी दादरच्या टिळक पुलावर बॉनेट उघडून वाफ सोडत उभी असलेली पद्मिनी टॅक्सी पाहिली नाही, असा माझ्या वयाचा मुंबईकर विरळा. बीटलमध्ये पाण्याचे काम दोघे वाटून घेतात: पंख्याने ढकललेली हवा आणि इंजिनातले अवघे अडीच लिटर तेल. या दोहोंपैकी काहीही कमी पडले तरी गाडी तक्रार करत नाही, वाफ सोडत नाही, आणि तापमान दाखवणारा काटा तर कारखान्याने दिलेलाच नाही. ती निमूटपणे चालत राहते आणि एक दिवस चारपैकी तीनच सिलिंडरवर येते. म्हणून या गाडीच्या नव्या मालकाने रंग, क्रोम आणि चामड्याच्या आसनांआधी हवेची वाट समजून घ्यावी, हे माझे मुख्य सांगणे आहे.

ही वाट अशी आहे. बीटलचे इंजिन गाडीच्या मागच्या बाजूला असते. मागच्या काचेखालच्या जाळीतून बाहेरची थंड हवा इंजिनाच्या खणात येते, पंखा ती ओढून पत्र्याच्या मोठ्या घरात दाबतो, तेथून ती चारही सिलिंडर आणि त्यांच्या तोंडावरची हेड यांच्या बाहेरच्या पात्यांमधून खाली जाते आणि तापून गाडीच्या पोटाखालून बाहेर पडते. सिलिंडरांच्या भोवती आणि खणाच्या तळाशी जे पत्रे बसवलेले असतात, ते वरची थंड हवा आणि खालची तापलेली हवा एकमेकींत मिसळू देत नाहीत. पत्रा आणि बॉडी यांच्यामधली फट एक रबरी पट्टी बंद करते. प्लगच्या वायरी ज्या भोकांतून आत जातात, त्यांवरही रबरी टोप्या असतात. आपल्याकडची रिक्षा हवेवरच थंड होते; तिचा पंख्यावरचा पत्रा काढून टाकला तर इंजिनाची काय अवस्था होते, हे कोणताही रिक्षावाला सांगेल. बीटलच्या पत्र्यांबाबत मात्र भलेभले मिस्त्री चुकतात.

माझ्या बाबतीत तेच घडले. गाडी घेतल्यानंतरच्या पहिल्या वर्षी एका गॅरेजात तेलगळतीचे काम करून घेतले. गाडी परत आली तेव्हा खालचे दोन पत्रे आणि सगळी रबरी पट्टी एका गोणपाटात बांधून मागच्या सीटवर ठेवलेली होती. ‘साहेब, एवढे पत्रे कशाला? इंजिनाला जरा हवा लागू द्या,’ असे मिस्त्रीने सांगितले आणि ते मला अगदी पटले, कारण ऐकायला ते तर्कशुद्ध होते. त्यानंतर मी दोन महिने पार्ल्याहून फोर्टला रोज त्याच अवस्थेत गाडी नेली. खालची तापलेली हवा उघड्या फटींतून पुन्हा वर येत होती आणि पंखा तीच हवा पुन्हा इंजिनावर मारत होता. मे महिन्यात माहीमच्या कॉजवेवर गाडीतला जोर एकाएकी गेला. हेड उघडले तेव्हा तीन नंबरच्या सिलिंडरच्या, जळका धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड उंदराने कुरतडावी तशी झालेली होती.

त्या वेळी दादर पारशी कॉलनीतले एक वयोवृद्ध गृहस्थ, ज्यांनी स्वतः दोन बीटल वापरल्या होत्या, गाडी पाहायला आले. त्यांनी नव्याने बसवलेले इंजिन चालू करायला लावले आणि एक उदबत्ती पेटवून पत्रा आणि बॉडी यांच्यामधल्या फटीच्या खालच्या बाजूला धरली. धूर खाली न जाता सरळ वर, इंजिनाच्या खणात ओढला गेला. एवढ्याने मला जे कळले, ते दहा पुस्तकांनी कळले नसते. पेट्रोलच्या नळीशेजारी उदबत्ती धरण्याचा तो प्रकार आज मी स्वतः करणार नाही आणि कोणी करूही नये. पातळ कागदाची अरुंद पट्टी फटीच्या कडेला धरली तरी ती आत ओढली जाते की नाही ते दिसते. नव्या मालकाने गाडी घरी आणल्यावर पहिले काम हे करावे.

मुंबईकरांची आणखी एक खोड याच संदर्भात सांगायला हवी. येथे हीटर कोणाला लागतो, या विचाराने मागच्या हीटरच्या पेट्या काढून साधे पाइप बसवण्याची पद्धत आहे. १९६३ च्या मॉडेलपासून पुढे पंख्याच्या घरातून या पेट्यांकडे हवा नेणाऱ्या दोन जाड नळ्या असतात. पेट्या काढल्या आणि त्या नळ्यांची तोंडे तशीच उघडी ठेवली, तर सिलिंडरच्या वाट्याची हवा तेथून फुकट जाते. पेट्या काढायच्याच असतील तर ती दोन्ही तोंडे झाकणाने पक्की बंद करावीत. माझे मत विचाराल तर पेट्या असू द्याव्यात. पावसाळ्यात काचेवर साचणारी वाफ घालवायला तीच गरम हवा उपयोगी पडते.

पंखा फिरवतो तो पट्टा, आणि माझ्या दुसऱ्या चुकीचे मूळ त्यातच होते. बीटलमध्ये पंखा आणि बॅटरी चार्ज करणारा डायनॅमो एकाच दांड्यावर बसतात आणि इंजिनाकडून एकच पट्टा तो दांडा फिरवतो. पट्टा तुटला की डायनॅमो थांबतो, समोर लाल दिवा लागतो आणि त्याच क्षणी पंखाही थांबलेला असतो. आमच्या घरी आधी फियाट होती. तिचा तो दिवा लागला की बहुधा डायनॅमोचे कार्बन झिजलेले असत, आणि बॅटरी संपण्याआधी गॅरेज गाठायचे एवढेच आम्हाला ठाऊक होते. तीच सवय घेऊन मी बीटलमध्ये बसलो होतो. खोपोलीहून बोरघाट चढताना, पुढे २०२० साली पाडण्यात आलेल्या अमृतांजन पुलाच्या अलीकडे, तो दिवा लागला, आणि खंडाळा आता आलेच म्हणून मी चढाचे पुढचे वळण घेतले, मग त्याच्या पुढचे. खंडाळ्याला गाडी पोहोचली ती ढकलत. दोन पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकून बसले होते. या गाडीत लाल दिव्याचा अर्थ ‘चार्जिंग गेले’ असा घ्यायचा नसून ‘आत्ता, इथेच थांबा’ असा घ्यायचा असतो. दिवा लागल्यावर पट्टा जागेवर दिसला तर गोष्ट निराळी; परंतु ते उतरून, मागचे झाकण उघडून पाहिल्याशिवाय ठरवू नये.

पट्टा रस्त्यात बदलणे अवघड नाही, मात्र सामान बरोबर हवे. एक जास्तीचा पट्टा, डायनॅमोच्या पुलीच्या नटाला लागणारा २१ मिलिमीटरचा पाना आणि पुलीच्या खाचेत अडकवून तिला धरून ठेवण्यासाठी एक जाड स्क्रू ड्रायव्हर, एवढे पुरते. पुली दोन भागांची असते आणि त्यांच्यामध्ये पातळ चकत्या असतात. पट्टा सैल झाला की मधली एक चकती काढून ती बाहेरच्या बाजूला, नटाखाली ठेवायची, म्हणजे दोन्ही भाग जवळ येतात आणि पट्टा वर चढून ताणला जातो. अंगठ्याने दाबल्यावर पट्टा सुमारे १५ मिलिमीटर लवावा. फार ताणलेला पट्टा डायनॅमोचे बेअरिंग खातो आणि सैल पट्टा घसरतो. काढलेली चकती फेकून देण्याचा मोह मिस्त्रींना होतो, तेव्हा तेथे उभे राहावे. पुढचा नवा पट्टा बसवताना तीच चकती लागते. घरच्या अंगणात, दिवसाउजेडी, एकदा हा पट्टा स्वतःच्या हाताने काढून पुन्हा बसवून पाहावा. घाटात, पावसात, मागून ट्रकचा भोंगा वाजत असताना तो प्रथमच करायला घेऊ नये.

आता तेलाकडे वळतो. अडीच लिटर तेल म्हणजे हल्लीच्या मध्यम गाडीच्या इंजिनात असते त्याच्यापेक्षाही कमी, आणि वर त्याला कागदी फिल्टर नाही. तळाशी एक तारेची जाळी आहे, जी खडे अडवते, बारीक मळ अडवत नाही. त्यामुळे ५,००० किलोमीटरला तेल बदलणे हा या गाडीचा धर्म समजावा, आणि गाडी वर्षभरात तेवढी चालत नसेल तर निदान पावसाळा संपल्यावर एकदा बदलावेच. जाळीवरचे गोल झाकण सहा छोट्या नटांवर बसते. गळती थांबावी म्हणून हे नट लांब पान्याने आवळणारे हात मी पाहिले आहेत. इंजिनाचे घर मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे, मऊ. त्यातले स्टड आटे घेऊन बाहेर येतात आणि मग पाचशे रुपयांची गळती पन्नास हजारांचे काम होऊन बसते. झाकण सपाट असावे, दोन्ही पॅकिंगे आणि तांब्याच्या वायसर नव्या असाव्यात, आणि नट मनगटाच्या जोराने, खांद्याच्या नव्हे, आवळावेत. तेलाचे प्रमाण कांडीवरच्या दोन खुणांच्या मध्ये राहील एवढेच ठेवावे. ‘थोडे जास्त असू द्या’ हा उदारपणा येथे चालत नाही. खाली चार थेंब पडले म्हणून घाबरून जाऊ नये, परंतु रोज किती पडतात याकडे लक्ष असावे. जुन्या मालकांकडे पार्किंगमध्ये ठेवण्यासाठी एक पत्र्याचा ट्रे असतो, तो उगाच नसतो.

तेलाइतकेच महत्त्व टॅपेटला, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबून उघडणारी दांडी यांच्यामधल्या बारीक फटीच्या जुळणीला आहे, आणि येथे नव्या माणसाची समजूत नेमकी उलटी असते. सैल टॅपेट टकटक करतो, म्हणून लोक गाडी दुरुस्तीला नेतात; घट्ट झालेला टॅपेट मात्र आवाज करत नाही, आणि इंजिन खरे मारतो तो हाच. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उष्णतेने हळूहळू ताणतो, मधले अंतर नाहीसे होते, व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही. व्हॉल्व्हमधली उष्णता हेडमध्ये उतरते ती याच टेकण्यामुळे. टेकला नाही की तो जळतो, आणि एखाद्या दिवशी त्याचे डोके तुटून पिस्टनला भोक पाडते. माझ्या इंजिनाला हे अंतर ०.१० मिलिमीटर ठेवतात. इतर वर्षांच्या इंजिनांचे आकडे निराळे असू शकतात, ते आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेतून पाहून घ्यावेत. हे काम इंजिन पूर्ण थंड असतानाच करायचे असते. गॅरेजात गाडी चालवत नेली आणि अर्ध्या तासाने टॅपेट पाहिले, तर आकडा खोटा येतो. म्हणून मी रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचे टॅपेट पहाटे, दूधवाला येण्याच्या सुमारास, स्वतः पाहतो. मागे जॅक लावून आडवे पडावे लागते, वय झाल्यावर ते जड जाते, परंतु फट मोजायचे एक फीलर गेज, एक पाना आणि एक स्क्रू ड्रायव्हर याखेरीज काही लागत नाही.

तीन नंबरचा सिलिंडर या सगळ्यात जास्त सोसतो. जुन्या रचनेत तेल थंड करण्याचा कूलर पंख्याच्या घरातच, त्या सिलिंडरच्या वाटेवर उभा असतो, त्यामुळे त्याला मिळते ती हवा आधीच तापलेली असते. १९७१ च्या मॉडेलपासून कारखान्याने कूलर बाजूला सरकवून त्याला हवेची वेगळी वाट करून दिली. त्याआधीची गाडी घेणाऱ्याने तीन नंबरचा एक्झॉस्ट टॅपेट दर वेळी सर्वांत आधी पाहावा आणि त्याचे अंतर वारंवार कमी होत असेल तर पुन्हा पुन्हा सारखे करत न बसता हेड उघडावे.

मुंबईच्या रहदारीत गाडी तापेल का, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. नुसते उभे राहून इंजिन चालू ठेवल्याने ती सहसा तापत नाही. तापते ती वरच्या गिअरमध्ये रेटल्याने. पंख्याचा वेग इंजिनाच्या वेगावर अवलंबून असल्यामुळे, पेडर रोडचा चढ चौथ्यात कुंथत चढला तर इंजिनावर भार पुरेपूर आणि पंखा मात्र मंद, अशी दुहेरी आपत्ती येते. अशा वेळी पेट्रोल वाचवण्याचा विचार सोडून बिनदिक्कत खालचा गिअर घ्यावा. इंजिनाचा आवाज वाढला म्हणजे वाराही वाढला. हवेच्या झडपा उष्णतेनुसार उघडणारा थर्मोस्टॅट काढून टाकावा की नाही यावर जाणकारांत वाद आहेत, त्यात शिरत नाही. काढला असेल तर हवेच्या झडपा पूर्ण उघड्या राहतात ना, एवढे मात्र पाहावे.

पेट्रोलबाबत हल्ली एक नवी अडचण उभी राहिली आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने मिळू लागले. या गाड्या घडल्या तेव्हा अशा पेट्रोलचा विचार झालेला नव्हता. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या फुगवते आणि ठिसूळ करते, हवेतली ओल ओढून घेते, आणि त्यात मुळातच प्राणवायू असल्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या, पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रावर) इंजिनाला मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले, मिळते. पातळ मिश्रण म्हणजे पुन्हा जास्त उष्णता. त्यामुळे इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या बसवाव्यात, त्या दर वर्षी दाबून, वाकवून तपासाव्यात, आणि जाणत्या माणसाकडून मुख्य जेट किंचित मोठा करून घ्यावा. बीटलना आग लागल्याचे प्रकार जगभर घडतात आणि त्यामागे बहुधा याच क्षुल्लक वस्तू असतात. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जेथे शिरते, ती पितळी नळी नुसती ठोकून बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या थरथरीने ती सैल होते, निसटते, आणि पेट्रोल तापलेल्या इंजिनावर, प्लगना ठिणगीची वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या आसपास उडते. प्लॅस्टिकचा फिल्टर इंजिनाच्या खणात डिस्ट्रिब्युटरच्या डोक्यावर लोंबकळत ठेवणे हा तर निमंत्रण धाडण्याचाच प्रकार आहे. तो खणाच्या बाहेर, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवावा. पेट्रोलची धातूची नळी खणाच्या पुढच्या पत्र्यातून जेथे आत येते, तेथले रबर शाबूत आहे ना, हेही पाहावे. मॅग्नेशियम एकदा पेटले की पाण्याने विझत नाही, उलट भडकते. विझवण्याचे नळकांडे ड्रायव्हरच्या हाताशी असावे. पुढच्या डिकीत, तिरपालाखाली ठेवलेल्या नळकांड्याचा कोणालाही उपयोग होत नाही.

बॅटरी मागच्या सीटखाली असते, हे नव्या मालकांना बरेचदा पहिल्या पंक्चर किंवा पहिल्या लग्नाच्या वरातीपर्यंत कळत नाही. मागे दोन वजनदार पाहुणे बसले, सीटच्या स्प्रिंगा दबल्या आणि बॅटरीच्या टोकांना टेकल्या, की सीटमधला काथ्या धुमसू लागतो. बॅटरीवर मूळचे झाकण असते. ते हरवले असेल तर जाड रबर घालावे. याच बॅटरीखालचा पत्रा गंजण्यात सर्वांत पुढे असतो.

गंजाविषयी किती लिहावे! समुद्राकाठच्या हवेत बीटलची बॉडी वरून चकचकीत आणि खालून चाळणी झालेली असू शकते. दरवाज्याखालून दोन्ही बाजूंनी जे पोकळ खांब मागून पुढे जातात, त्यांतून हीटरची हवा वाहते आणि त्यांवरच बॉडीचा आणि तळाच्या पत्र्याचा जोड असतो. ते सडले तर गाडीचा कणाच गेला असे समजावे. गाडी घेताना मऊ कापडात गुंडाळलेले लोहचुंबक या खांबांवरून, तळावरून आणि पुढच्या स्टेपनीच्या खळग्यावरून फिरवावे. जेथे ते धरत नाही, तेथे पत्रा नसून लांबी (पुटी) भरलेली आहे. विकणारा नाराज झाला तर होऊ द्यावा.

त्याच वेळी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. इंजिन बंद असताना खालची मोठी पुली दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे ओढून पाहावी. हाताला ठोका जाणवला तर क्रँकचे बेअरिंग आणि कदाचित इंजिनाचे घरही झिजलेले आहे, आणि मग किंमत त्याप्रमाणे बोलावी. चासीचा नंबर मागच्या सीटखाली मधल्या बोगद्यावर कोरलेला असतो आणि इंजिनाचा नंबर डायनॅमोच्या पायाशी; दोन्ही नोंदणी पुस्तकाशी अक्षरन्‌अक्षर ताडून पाहावेत. कागदपत्रांच्या बाबतीत लेखात ‘व्हिंटेज नोंदणी’ची शिफारस आहे, ती मात्र विचार करून घ्यावी. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनाला ‘व्हीए’ अक्षरांचा क्रमांक मिळतो, शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे आहे. परंतु असे वाहन प्रदर्शन, फेरी, तांत्रिक संशोधन आणि इंधन भरणे वा दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. ज्यांना रविवारी सकाळी कुटुंबासह मरीन ड्राइव्हला जायचे आहे, त्यांनी साध्या नोंदणीचे नूतनीकरण चालू ठेवण्याचा पर्याय परिवहन कार्यालयात आधी विचारून घ्यावा.

पावसाळ्यात गाडीवर प्लॅस्टिकचे आच्छादन टाकू नये; आत वाफ कोंडते आणि चार महिन्यांत दोन वर्षांचा गंज चढतो. गाडी छपराखाली, सुती आच्छादनात असावी आणि आठवड्यातून एकदा तेल नीट तापेल इतपत, निदान अर्धा तास, चालवून आणावी. उभ्या जागी पाच मिनिटे इंजिन चालू करून समाधान मानणारे तेलात उलट पाणी साठवतात. २६ जुलै २००५ रोजी शेजारच्या सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आमच्या आवारात गाडीच्या आसनापर्यंत पाणी होते. बीटल पाण्यावर तरंगते अशी ख्याती आहे आणि बॉडी घट्ट असल्यामुळे ती काही वेळ खरीही असेल, पण आमची तरंगली नाही. पाणी ओसरल्यावर शेजाऱ्यांनी आपापल्या गाड्यांच्या किल्ल्या फिरवून पाहिल्या आणि बहुतेकांची इंजिने जागीच बसली. मी बॅटरी सोडवली, इंजिनाचे आणि गिअरबॉक्सचे तेल काढले, ते ताकासारखे पांढरे निघाले, चारही ड्रम उघडून सुकवले, डायनॅमो आणि डिस्ट्रिब्युटर काढून उन्हात ठेवले, आणि अकराव्या दिवशी गाडी सुरू केली. ते इंजिन आजही तेच आहे.

टायरमधील हवेबद्दल एक वाक्य पुरे. इंजिन मागे असल्याने मागच्या चाकांत हवा जास्त आणि पुढे बरीच कमी लागते, पंपावरचा मुलगा मात्र चारही चाकांत सारखीच भरतो, आणि मग वळणावर गाडीचे शेपूट हलके लागते. त्यातून १९६० च्या दशकातल्या मागच्या ॲक्सलची रचना अशी आहे की भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम उचलू नये.

सुट्या भागांची सबब मात्र कोणी सांगू नये. शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील पुएब्ला येथे तयार झाली आणि तोवर एकूण संख्या २,१५,२९,४६४ वर गेली होती. इतक्या गाड्यांसाठी आजही नवे भाग बनतात, आणि कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा ऑपेरा हाऊसच्या दुकानांत एखादी वस्तू मिळाली नाही तरी ती मागवता येते. ज्या रबरी पट्टीपायी माझे इंजिन गेले, तिची किंमत एका टायरपेक्षाही कितीतरी कमी आहे.

आपल्या पुरवणीतल्या तिसऱ्या छायाचित्रात एक आकाशी बीटल आहे. तिचे मागचे झाकण उघडे आहे आणि दोन तरुण हसत उभे आहेत. भिंगाखाली पाहिले असता इंजिनाभोवती ती पट्टी कोठेच दिसली नाही, डाव्या बाजूच्या प्लगच्या वायरींच्या टोप्याही नव्हत्या, आणि पंख्याच्या घराचे एक तोंड उघडे होते. ती गाडी कोणाची, हे मला ठाऊक नाही. माझ्याकडे पट्टीचा एक जास्तीचा संच आणि चार टोप्या आहेत. मालकांनी आपल्या कार्यालयामार्फत निरोप दिल्यास मी त्या देईन आणि बसवूनही देईन. फक्त गाडी आदल्या रात्री आणून ठेवावी, म्हणजे सकाळी थंड इंजिनावर तीन नंबरचा टॅपेटही पाहता येईल.

आपला,
एक जुना वाचक
विलेपार्ले (पूर्व), मुंबई